मिंदाला कुणी नारळ खोवायला दिला नाही

मित्रांनो, या, बसा. माझ्या पाठीवर एका वेळी एकच जण मावतो, तेव्हा बाकीच्यांनी खाली बसावे. आणि माझ्या तोंडाशी जो लोखंडी दात दिसतो आहे ना, त्यापासून पाय जरा दूर ठेवा. मी म्हातारी झाले असले तरी तो अजून चावतो.

मी आहे खोवणी. चार पाय, लांबट पाठ, पुढे ताणलेली मान आणि मानेच्या टोकाला दातेरी पाते. माझ्यावर घोड्यासारखी मांड टाकून बसायचे आणि फोडलेला नारळ दोन्ही हातांनी दातावर फिरवायचा. म्हणून मायोन या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याच्या या गावात मला सगळे 'घोडा' म्हणतात. हे नाव मला पहिल्यापासून आवडले नाही, पण माझे मत कोण विचारतो!

मला क्रिसांतोने घडवले. तेव्हा तो अगदी तरणा होता आणि पुरिंग नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले होते. वादळात पडलेल्या फणसाच्या खोडातून त्याने मला तासून काढले. दात मात्र गावच्या लोहाराने केला, मोडक्या जीपच्या पाट्याचे लोखंड ठोकून. लग्नात पुरिंगच्या माहेरच्यांनी भांडीकुंडी दिली, क्रिसांतोने तिला मला दिले. "हिच्यावर बस, म्हणजे राणी झालीस," असे तो म्हणाला. पुरिंग बसली आणि म्हणाली, "राणीला नारळही आपणच खोवावा लागतो होय रे?" त्यानंतर बरीच वर्षे नारळ क्रिसांतोच खोवत असे.

आमच्याकडे नारळाच्या दुधाशिवाय चूल पेटत नाही. मासा असो, केळफूल असो, हिरव्या मिरच्यांचे कालवण असो, आधी माझ्यासमोर परात मांडली जायची. पहिले दाट दूध वेगळे, दुसरे पातळ दूध वेगळे. मला विश्रांती म्हणून नव्हती, आणि खरे सांगते, ती मला नकोही होती. माझी पाठ बसून बसून अशी गुळगुळीत झाली की त्यावर माशीसुद्धा घसरावी.

त्यांना दोन मुली झाल्या. थोरली लुझविमिंदा, तिला सगळे मिंदा म्हणत. धाकटी रेमी. रेमी शहाणी आणि व्यवस्थित. मिंदा माझी खरी लाडकी. ती नारळ खोवायला बसली की परातीत कमी आणि तोंडात जास्त जायचे. "अगं भवाने, दूध कशाचं काढू मी, तुझ्या गालाचं?" असे पुरिंग ओरडायची, आणि मिंदा भरल्या तोंडाने हसताना तिचे पाय माझ्या पोटावर आपटायचे. ते मला आजही आठवते.

एकदा मायोनला राग आला. वरून धूर, राख आणि तापलेले दगड. सगळ्या गावाला ट्रकांत घालून दूरच्या शाळेत नेले. लोकांनी कपडे उचलले, कोंबड्या उचलल्या. क्रिसांतोने मला उचलले. "वेडा आहेस का? घोडा कसला नेतोस?" असे लोक म्हणाले. पण दुसऱ्याच दिवशी त्या वर्गात माझ्यापुढे रांग लागली. तांदूळ सरकारने दिला होता, नारळ शाळेच्या आवारात पडले होते, पण खोवणार कशावर? कित्येक आठवडे अनोळखी बायका माझ्यावर बसून खोवत होत्या, रडत होत्या, मधूनच हसतही होत्या. "घोडा नसता तर नुसता भात गिळावा लागला असता," असे एक म्हातारी म्हणाली होती. एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढे पुरिंग वारली. क्रिसांतोने स्वतः स्वयंपाक शिकून घेतला. सुकवलेली अळूची पाने नारळाच्या दुधात मंद आचेवर शिजवायची, वर आले, मिरच्या आणि सुकट. याला आमच्याकडे नातोंग म्हणतात. पाने शिजेपर्यंत त्यात डाव घालायचा नाही, नाहीतर घसा खाजतो. क्रिसांतोचा नातोंग असा व्हायचा की शेजारपाजारचे रिकामी वाटी घेऊन 'सहज आलो' म्हणत यायचे. मिंदा तर भाताशिवाय नुसताच खायची.

मग मिंदा परिचारिका झाली आणि आयर्लंडला गेली. तिथे तिचे लग्न झाले, मुलगी झाली. इकडे क्रिसांतोला मुलींसारखेच सगळे गाव 'ताताय', म्हणजे बाबा, म्हणू लागले, आणि मीही म्हणू लागले. रेमी गावच्या शाळेत शिक्षिका झाली आणि वडिलांपाशी राहिली. बाजारात नारळ खोवायचे यंत्र आले. त्यानंतर दुकानात पिशवीतले दूध आले, कात्रीने कोपरा कापला की काम झाले. माडावरून पडून ताताय यांचा उजवा खांदा दुखावला तेव्हा रेमीने मला उचलून मागच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले. माझ्यावर कांद्यांची टोपली आली. त्यावर आणखी एक टोपली आली. मी काही बोलले नाही, कारण मला बोलता येतच नाही.

आणि मग एके दिवशी बातमी आली. मिंदा येणार! नवरा नेस्तोर आणि मुलगी क्लारा यांना घेऊन, सुट्टीसाठी.

मित्रांनो, घरात पाहुणा यायचा म्हणजे आमची माणसे वेडी होतात. रेमीने पडदे बदलले. कपाटातली काचेची ताटे निघाली, जी बिशप आले तेव्हा एकदाच निघाली होती. ताताय यांनी आपली खाट सोडली आणि माजघरात चटई घातली. मागच्या अंगणातले स्वयंपाकघर धुतले, पण तिथे पाहुण्यांनी फिरकायचे नाही असे ठरले. तिथे धूर असतो, मासे साफ करतात, मांजरे भांडतात. ती घरच्यांची जागा.

मिंदा आली ती अंगाने भरलेली, केस कापलेली. पण हसली तेव्हा मी ओळखले.

पहिल्याच सकाळी, घर जागे व्हायच्या आधी, ती अनवाणी मागे आली. तिने टोपल्या उचलून बाजूला ठेवल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. मला इतके बरे वाटले की काय सांगू. ती बसणार तोच रेमी धावत आली.

"अगं मानाय, तू इथे काय करतेस?" थोरल्या बहिणीला आमच्याकडे मानाय म्हणतात. "जा बाई, बाहेर बस. कॉफी आणते तुझी."

"मी करते ना गं काहीतरी. नारळ आहे का? खोवून देते."

"काही नको! सुट्टीवर आलीस ना? पाहुणीने काम केलं तर लोक मला शेण घालतील तोंडात. चल, ऊठ."

मिंदा उठली. रेमी कॉफीसाठी आत गेली. मग नेस्तोर मिंदाला शोधत आला, तेव्हा दोघे माझ्याजवळ उभे राहून हळू आवाजात बोलले. ते फक्त मी ऐकले.

"बोललीस का त्यांच्याशी?" नेस्तोरने विचारले.

"नाही अजून. लेगाझ्पी शहरातल्या इस्पितळात जागा आहे म्हणतात. मी इथूनच ये-जा करू शकते. क्लाराला इथली शाळा. तू तुझं काम फोनवर करतोसच."

"मग सांग की त्यांना."

"कसं सांगू? त्यांना वाटेल, तिकडे आमचं काही बिनसलंय. नाहीतर नुसते तोंडदेखलं हो म्हणतील. त्यांनी आपणहून म्हणायला हवं रे. ताताय एकदा 'राहा' म्हणाले ना, की मी राहिले."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर समजायचं, इथे आता आपली जागा नाही. जाऊ आणि तिकडचं घर घेऊन टाकू."

मी हे ऐकले आणि आनंदाने माझी लाकडे करकरली. वेडी मी! मला वाटले, यात अवघड ते काय? एवढा एक शब्द ताताय आज ना उद्या म्हणतीलच.

पुढचे दिवस मजेत गेले, हे मी नाकारणार नाही. रोज एखाद्या आत्याकडे, काकाकडे, जुन्या मैत्रिणीकडे जायचे. आमच्याकडे उंबरठ्यावर पाय ठेवला की 'कशी आहेस' हे नंतर, आधी 'जेवलीस का'. जेवले म्हटले तरी ताट येतेच. रोज संध्याकाळी तिघे परत यायचे ते पोट धरून. क्लाराला गोड शेवया आवडल्या, बर्फ-दूध-रताळ्याची ती जांभळी मिठाई आवडली, गच्चीवरून दिसणारा मायोन आवडला. डोंगर लाजाळू आहे, सारखा ढगांत तोंड लपवतो, पण त्या आठवड्यात तो रोज सकाळी उघडा उभा राहिला. शेजारी म्हणाले, "मिंदा आली म्हणून दर्शन देतोय." नेस्तोरने त्याचे इतके फोटो काढले की डोंगर लाजून पुन्हा ढगात जाईल असे मला वाटले.

घरी जेवायला मात्र सगळे विकतचे आणि थाटाचे. रेमी सकाळी बाजारात जायची आणि पाहुण्यांना शोभेल असे आणायची. भाजलेली कोंबडी, डब्यातले मांस, केक. मिंदा प्रत्येक घासाला म्हणायची, "छान आहे." क्लारासुद्धा तिच्याकडे बघून म्हणायची, "छान आहे."

एका दुपारी पाहुणे बाहेर गेले होते. ताताय मागे येऊन माझ्यावर बसले. हातात कानस होती. माझा दात घासून धार लावता लावता ते रेमीला म्हणाले, "काय गं, मिंदा राहील का इथे?"

रेमी मासे धूत होती. तिचे हात थांबले. "विचारा की तिला."

"मी कशाला विचारू? बापाने विचारलं की पोरीला नाही म्हणवत नाही. तिचा संसार तिकडे, पगार तिकडे. मी म्हातारा माणूस तिच्या पायात दोरी अडकवू?"

"पण तुम्हाला वाटतं ना तिने राहावं?"

"मला काय वाटतं ते सोड. तिला बघ. काही मागत नाही ती. जे वाढलं ते छान. अगं, घरची असती तर कुरकुरली असती. ताटात बोट घातलं असतं, मीठ कमी आहे म्हणाली असती. 'छान आहे' पाहुणे म्हणतात." मग त्यांनी कानस रेमीकडे रोखली. "आणि तू तिला यातलं एक अक्षर बोललीस तर याद राख. तुझ्या आईची शपथ आहे."

रेमी पुन्हा मासे धुऊ लागली. आईच्या शपथेपुढे ती काय बोलणार? मी मात्र तळमळले. दोघांच्या मनातले मला माहीत होते. दोघांचे तेच होते! पण मित्रांनो, मला दात दिला, जीभ दिली नाही. त्या दिवसाइतके लाकूड असल्याचे दुःख मला कधी झाले नाही.

जाण्याच्या आदल्या रविवारी सगळे समुद्रावर निघाले. आमच्याकडची वाळू काळी असते, डोंगराने दिलेली. जीपमध्ये भाताचे पातेले, भाजलेले अख्खे डुक्कर, छत्र्या, गाणी लावायचे यंत्र, असा सगळा संसार भरला. शेवटी ताताय मला खांद्यावर घेऊन आले, दुखऱ्या नव्हे, डाव्या.

"ताताय! घोडा कशाला समुद्रावर?" रेमी ओरडली.

"बसायला," ते म्हणाले. सगळे हसले. क्लारा तर माझ्यावर बसूनच गेली. तिने माझे कान शोधले, ते नव्हते, मग तिने माझी मानच पकडली आणि "चल घोड्या, चल घोड्या" असे म्हणत टाचा मारल्या. अगदी तिच्या आईसारख्या. ताताय यांनी माझ्या दातावर करवंटी बसवून वर फडके बांधले होते, म्हणून तिला काही लागले नाही.

ताताय यांच्या पिशवीत काय होते ते मला ठाऊक होते. दोन नारळ आणि सुकवलेल्या अळूच्या पानांची जुडी. ती पाने त्यांनी पाहुणे येण्याच्याही आधी, रेमी शाळेत असताना, कुंपणावर वाळवली होती.

वाळूत त्यांनी तीन दगड मांडले. कोयत्याने नारळावर पहिला ठोका मारला. तेवढ्यात रेमी आली.

"हे काय चाललंय?"

"थोडा नातोंग करतो. तास-दोन तासांत होईल."

"अहो ताताय, अख्खं डुक्कर आलंय! शेवया आहेत, मासे आहेत. आयर्लंडहून आलेल्या माणसांना पाला घालणार तुम्ही? शेळ्या आहेत का ते?"

सगळे खदखदून हसले. रेमीने ते वाईट बुद्धीने म्हटले नव्हते. पाहुण्यांपुढे घरचे साधे खाणे मांडायची तिला लाज वाटत होती, तशी ती आमच्या सगळ्यांनाच वाटते. ताताय हसले नाहीत. त्यांनी मिंदाकडे पाहिले.

मिंदा त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघत होती. ठोका मारताना तो कसा कचरला ते तिने पाहिले होते. खांद्याला त्रास देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले आहे, हे रेमीने तिला फोनवर कितीदा सांगितले होते. मिंदाच्या तोंडाला पाणी सुटले होते, ते तिने गिळले, मी पाहिले. आणि ती म्हणाली, "नको ताताय. उगाच तुम्हाला त्रास. भरपूर आहे की खायला. सगळं छान आहे."

ताताय यांनी कोयता खाली ठेवला. तीन दगडही पायाने बाजूला केले. मग सगळे जेवले, पोहले, गाणी म्हणाले. मायोन त्या दिवशी एवढा स्वच्छ होता की पाण्यातही दिसत होता. तिथे आलेले कुणीही सांगेल की तो सुट्टीतला सर्वांत सुंदर दिवस होता. मला मात्र आजही त्याची आठवण नको वाटते.

निघायच्या दिवशी जीप दारात उभी राहिली. घरून निघताना पाहुण्याला बरोबर खायला द्यायची आमची रीत आहे. ताताय यांनी दुकानातून आणलेले बदामासारख्या पिली बियांच्या मिठाईचे डबे दिले, लाल फितीचे, पर्यटक नेतात तसले. मिंदा शेवटचे एकदा मागे आली आणि क्षणभर माझ्यावर बसली. हात रिकामे होते.

"मानाय, ऊठ गं, नवा स्कर्ट आहे, मळेल," रेमी म्हणाली.

दारात ताताय उभे होते. मिंदाने नमस्कार म्हणून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला आणि थांबली. चांगली थांबली. मला कोपऱ्यातून तेवढे दिसत होते. ताताय यांचे ओठ हलले. मी म्हटले, आता म्हणतील.

"पुन्हा या," ताताय म्हणाले.

"येऊ," मिंदा म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

पावसाळा आला आणि गेला. माझ्यावर पुन्हा कांदे आले. मग एका सकाळी ताताय यांनी मला बाहेर काढले. त्यांना नातोंगची इच्छा झाली होती, आणि रेमी नको म्हणत असतानाही ते डाव्या हाताने सावकाश खोवत बसले. तेवढ्यात मिंदाचा फोन आला. रेमीने तो मोठ्या आवाजावर लावला.

"ताताय, आम्ही घर घेतलं इकडे. सह्या झाल्या काल. क्लाराला वेगळी खोली आहे."

"छान केलंस," ताताय म्हणाले. "फार छान." आणि पुन्हा खोवू लागले.

मिंदाला वाटले, ते उठून गेले. ती रेमीशी बोलू लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज बदलला. "खरं सांगू रेमी? मी तिथे राहायला आले होते. नोकरीचंही बघून ठेवलं होतं. म्हटलं, ताताय एकदा 'राहा' म्हणतील. रोज वाट बघितली गं. ते काही बोललेच नाहीत. आणि मला तर साधा नारळही कुणी खोवू दिला नाही. तेव्हाच समजले मी."

रेमीने तोंडावर हात ठेवला. तिने वडिलांकडे पाहिले. "मानाय," ती कशीबशी म्हणाली, "अगं, ते..."

ताताय यांनी हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"मिंदा," ते म्हणाले, "नातोंग करतोय."

त्यांनी परातीतले खोबरे बोटांनी सारखे केले.

"तुझ्या वाटणीचा कुणाला देऊ?"

"रेमीला द्या, ताताय," मिंदा म्हणाली. मग तिला रडू आवरेना आणि फोन बंद झाला.

ताताय पुन्हा नारळ फिरवू लागले. त्या वाटीतले खोबरे केव्हाच संपले होते. माझा दात करवंटीवर खरवडत होता, आणि परातीतल्या पांढऱ्या खोबऱ्यावर तपकिरी भुसा पडत होता. त्यांना ते दिसत नव्हते. रेमीने येऊन त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली, तेव्हा ते थांबले.

मित्रांनो, मला तेल लावा, माझ्या दाताला गंज चढू देऊ नका, असे मी तुम्हाला सांगू शकले असते. खोवणीने दुसरे काय मागायचे? पण ते राहू द्या. माझ्यावर कांदे ठेवलेत तरी चालेल. तुमचे माणूस लांबून घरी आले तर त्याला काचेच्या ताटात वाढून बाहेर बसवू नका. त्याला मागे बोलवा, धुरात बोलवा, हातात नारळ द्या. आणि त्याने राहावे असे वाटत असेल तर ते मोठ्याने म्हणा. आम्हा लाकडांना ते म्हणता येत नाही. तुम्हाला येते.